सात एकतीस पंधरा: एका रूट सर्टिफिकेटचे शेवटचे तास

३० सप्टेंबर २०२१, गुरुवार. भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७ वाजून ३१ मिनिटं १५ सेकंदांनी ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ नावाच्या सर्टिफिकेटची मुदत संपली. कुणी हल्ला केला नव्हता, समुद्राखालची केबल तुटली नव्हती, कुठल्या डेटा सेंटरची वीज गेली नव्हती. मुदत संपण्याची वेळ सर्टिफिकेटमध्येच सेकंदासकट लिहिलेली होती आणि कुणालाही वाचता येत होती. तरीही त्या सेकंदानंतर जुन्या लिनक्सवरच्या कमांड, जुन्या मॅकवरचे ब्राउझर आणि कित्येक नावाजलेल्या सेवा अडखळू लागल्या.

लिनक्स, मॅक किंवा बीएसडीवर नव्याने आलेला माणूस ‘नेट गेलं’ असं म्हणतो तेव्हा नेमकं काय गेलेलं असतं, हे समजून घ्यायला या दिवसाइतकं चांगलं उदाहरण मला माहीत नाही. म्हणून हा घटनाक्रम. सगळ्या वेळा भारतीय आहेत.

१ ऑक्टोबर २०००, पहाटे २.४२

अमेरिकेत अजून ३० सप्टेंबर चालू आहे. या क्षणापासून डीएसटी रूट सीए एक्स३ ग्राह्य धरलं जाणार, ते पुढची एकवीस वर्षं. पुढे ते आयडेनट्रस्ट या कंपनीकडे आलं.

रूट सर्टिफिकेट म्हणजे काय, हे इथेच सांगायला हवं. अनोळखी माणूस भाड्याने घर मागायला आला, की घरमालक विचारतो, ‘तुम्हाला ओळखणारं कोण आहे?’ तो एकाचं नाव सांगतो. त्यालाही मालक ओळखत नसेल, तर त्याला ओळखणारा तिसरा. शेवटी असा कुणीतरी येतो ज्याला मालक स्वतः ओळखतो, आणि चौकशी तिथे थांबते. वेबसाइट हा अनोळखी भाडेकरू, मधली सर्टिफिकेटं हे मधले हमीदार आणि रूट म्हणजे शेवटचा ओळखीचा माणूस.

ओळखीच्यांची ही यादी तुमच्या मशीनवरच असते, आणि नवख्यांना सहसा न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे एका मशीनवर अशा एकाहून जास्त याद्या असू शकतात. फायरफॉक्स स्वतःची यादी बरोबर घेऊन येतो. उबंटू किंवा डेबियनवर टर्मिनलमधल्या बहुतेक कमांड ‘सीए-सर्टिफिकेट्स’ या पॅकेजमधली यादी वापरतात. मॅकवर ती कीचेनमध्ये असते, आणि त्या काळात सफारीबरोबर क्रोमही तीच बघत असे. त्या रात्रीचा बराचसा गोंधळ या वेगवेगळ्या याद्यांमधून आणि त्या तपासण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींमधून निघाला.

ऑक्टोबर २०१५

लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था साइटना मोफत सर्टिफिकेट द्यायला निघाली आहे. तिचं स्वतःचं रूट, आयएसआरजी रूट एक्स१, ४ जून २०१५ रोजी तयार झालं. पण नवं रूट जगभरच्या याद्यांत पोचायला वर्षं लागतात, आणि ज्या मशीनना अपडेटच मिळत नाहीत तिथे ते कधीच पोचत नाही. म्हणून आयडेनट्रस्टने आपल्या जुन्या, सर्वत्र पोचलेल्या रूटची हमी लेट्स एन्क्रिप्टच्या मागे उभी केली.

या एका हमीमुळे, म्हणजेच सहीमुळे, काय घडलं याची कल्पना द्यायला एक आकडा पुरेसा आहे. २७ फेब्रुवारी २०२० रोजी लेट्स एन्क्रिप्टने १०० कोटीवं सर्टिफिकेट दिलं. कुलूपबंद (एचटीटीपीएस) पत्ता ही पैसे मोजणाऱ्यांची मिजास राहिली नाही. छोटी दुकानं, शाळा, हौशी लेखक सगळ्यांना ते फुकट मिळू लागलं. वेबसाठी गेल्या दशकात झालेल्या सर्वात चांगल्या कामांपैकी हे एक आहे, असं मी मानतो. त्या कामाचा पाया मात्र २०२१ साली मुदत संपणाऱ्या रूटवर उभा होता.

३० मे २०२०, शनिवार, दुपारी ४.१८

याची रंगीत तालीम आधीच होऊन गेली होती. ॲडट्रस्ट नावाचं, वीस वर्षांचं दुसरं एक रूट या वेळी संपलं, आणि रोकू, स्ट्राइप अशा सेवांना त्याचा फटका बसला. कारण पुढे २०२१ मध्येही तेच ठरणार होतं: सर्टिफिकेट तपासणाऱ्या ओपनएसएसएलच्या १.०.२ पर्यंतच्या आवृत्त्या आणि ग्नूटीएलएस या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या. चांगला रस्ता समोर असतानाही त्या संपलेल्या रूटपाशी जाऊन अडकल्या. सोळा महिने आधी मिळालेला हा इशारा पुरेसा गांभीर्याने घेतला गेला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

२१ डिसेंबर २०२०

सप्टेंबर २०२१ नंतर अँड्रॉइड ७.१.१ पेक्षा जुन्या फोनवर आपली सर्टिफिकेटं चालणार नाहीत, असं लेट्स एन्क्रिप्टने ६ नोव्हेंबरला जाहीर केलं होतं. त्या वेळच्या आकडेवारीनुसार ७.१ च्या आधीच्या आवृत्तीवर चालणारे अँड्रॉइड फोन एकूण अँड्रॉइड फोनच्या ३३.८ टक्के होते. म्हणजे दर तिघांतला एक.

आपल्याकडे तो आकडा कुणाचा होता, हे वेगळं सांगायला नको. महाराष्ट्रात तेव्हा कोरोनामुळे वर्ग फोनवर भरत होते. घरात एकच फोन, तोही थोरल्या भावाने वापरून झालेला, आणि त्यावर दोन मुलांचा अभ्यास. त्या फोनवर कित्येक साइट उघडल्याच नसत्या.

२१ डिसेंबरला तोडगा निघाला. जुनं अँड्रॉइड एक गोष्ट मुद्दाम तपासत नाही: यादीतल्या रूटची मुदत. रूट यादीत आहे ना, मग झालं. याचा आधार घेऊन आयडेनट्रस्टने आयएसआरजी रूट एक्स१ ला नवी हमी दिली, ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतची. म्हणजे हमी देणारं रूट स्वतः संपल्यानंतरही तीन वर्षं टिकणारी. ४ मे २०२१ पासून सर्व्हर ही लांब साखळी पाठवू लागले: साइट, मग आर३ नावाचं मधलं सर्टिफिकेट, मग आयएसआरजी रूट एक्स१, आणि त्याच्याही मागे डीएसटी रूट सीए एक्स३.

फोन वाचले. पण साखळीचं शेवटचं टोक आता मुदत संपणाऱ्या रूटकडे बोट दाखवत होतं, आणि जुनं ओपनएसएसएल मुदत तपासतं. फोनवाल्यांवर केलेला उपकार जुन्या लिनक्सच्या मुळावर येणार होता. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. नाइलाजाने फोन वापरणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, सर्व्हर चालवणाऱ्याला निदान कमांड तरी चालवता येते. दोघांपैकी एकाला त्रास होणारच असेल, तर तो दुसऱ्याला व्हावा हेच बरं.

१३ सप्टेंबर २०२१

ओपनएसएसएलच्या लोकांनी जाहीर इशारा दिला: १.०.२ वापरणाऱ्यांनो, ३० तारखेला तुमची मशीन अडतील. या आवृत्तीला मिळणारा आधार ३१ डिसेंबर २०१९ लाच संपला होता, तरी सेंटओएस ७ आणि उबंटू १६.०४ वर तीच होती, आणि अशी मशीन जगभर कोपऱ्याकोपऱ्यांत निमूट चालू होती. इशाऱ्याबरोबर उपायही दिले होते. सर्वात सोपा उपाय म्हणजे जुनं रूट यादीतून काढून टाका.

३० सप्टेंबर, मध्यरात्रीनंतर १२.५१

आर३ ची डीएसटीने सही केलेली जुनी प्रत या मिनिटाला संपली. लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं तेव्हा ९० दिवसांची असत. मे महिन्यात साखळी बदलल्यामुळे ऑगस्टपर्यंत बहुतेक सर्व्हरवर नवी प्रत आपोआप आलेली होती. जिथे कुणीतरी कधीकाळी मधलं सर्टिफिकेट हाताने चिकटवून ठेवलं होतं, तिथेच अडचण होती. बाकी सगळं शांत.

सकाळी १०.००

साडेनऊ तास उरले आहेत. हाताखाली जुनं मशीन असलेल्या माणसाला या वेळेत काय करता आलं असतं?

पहिलं, ओपनएसएसएलला तिची आवृत्ती विचारायची. ‘ओपनएसएसएल व्हर्जन’ एवढी कमांड. उत्तर १.०.२ किंवा त्याहून जुनं आलं, तर आज संध्याकाळी आपली पाळी आहे. दुसरं, उद्याचा दिवस आजच बघायचा. ‘फेकटाइम’ नावाचं छोटं साधन एखाद्या प्रोग्रॅमपुरती तारीख बदलतं, मशीनचं घड्याळ तसंच राहतं. त्यात १ ऑक्टोबर घालून ‘कर्ल’ने लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट असलेली एखादी साइट मागवली, की संध्याकाळी येणारी चूक सकाळीच पडद्यावर येते. नुकतं टर्मिनल उघडायला शिकलेल्यालाही हे दहा मिनिटांत जमण्यासारखं आहे.

दुपारी ४.००

सॅन फ्रान्सिस्कोत पहाटेचे साडेतीन. सर्टिफिकेट संपेल तेव्हा तिथे सकाळचे सात, लंडनमध्ये दुपारचे तीन, मुंबई-पुण्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतील. अमेरिकेतला पूर्व किनारा कामाला बसलेला, युरोप कामात, भारत घरी परतून ब्राउझर उघडलेला. यापेक्षा अडचणीची वेळ निवडूनही सापडली नसती.

संध्याकाळी ७.३१.१५

युनिक्स घराण्यातली मशीन काळ मोजतात ते १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. या क्षणी तो आकडा होता १६३३०१०४७५.

आणि बहुतेकांच्या पडद्यावर काहीच घडलं नाही.

सर्टिफिकेट तपासलं जातं ते जोडणी सुरू होताना. आधीच जुळलेल्या जोडण्या चालूच राहिल्या. उघडी पानं उघडी होती, चालू डाउनलोड चालू होते. पुढच्या काही मिनिटांत जसजशा जुन्या जोडण्या सुटून नव्या होऊ लागल्या, तसतशी पडझड सुरू झाली. कुठे लगेच, कुठे तासाभराने. एकाच खोलीतल्या दोन मशीनना वेगवेगळ्या वेळी लागलेला हा आजार म्हणून ओळखायला कठीण होता. संध्याकाळी नेट तसंही जरा मंदच असतं, असं म्हणून माणसं राउटर बंद-चालू करू लागली.

७.४५

आता समजा, नुकतंच लिनक्सवर आलेलं कुणीतरी उबंटू १६.०४ च्या लॅपटॉपपुढे बसलं आहे. या आवृत्तीला मिळणारा नेहमीचा आधार एप्रिल २०२१ मध्येच संपला, पण मशीन चालतंय म्हणून कुणी हात लावलेला नाही. कर्लने एक फाइल मागवली तर उत्तर येतं: चूक क्रमांक ६०, सर्टिफिकेटची मुदत संपली आहे. गिटही रुसलेलं. पहिला विचार येतो तो नेट गेल्याचाच.

अशा वेळी खालच्या पायरीपासून वर चढत जावं. पायऱ्यांचा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण मधलीच पायरी धरली की माणूस तासभर चुकीच्या जागी खणत बसतो.

आधी ‘आयपी ॲड्रेस’ ही कमांड. मॅक किंवा बीएसडीवर ‘आयएफकॉन्फिग’. मशीनला पत्ता मिळाला आहे का? मग ‘आयपी राउट’, म्हणजे बाहेर जायचा रस्ता कुठल्या राउटरमधून आहे ते कळतं. त्या राउटरला पिंग करा. उत्तर आलं तर घरातलं वायफाय ठीक. मग १.१.१.१ किंवा ८.८.८.८ ला पिंग. उत्तर आलं म्हणजे बाहेरचा रस्ता ठीक. इथवर नावाचा कुठेच संबंध आलेला नाही, सगळे आकडेच.

पुढची पायरी नावाची. साइटच्या नावावरून आकडी पत्ता मिळतो का? पुष्कळ जण इथे ‘डिग’ वापरतात. डिग चांगलंच आहे, पण ते थेट नेमसर्व्हरलाच विचारतं. मशीनवरच्या ‘होस्ट्स’ फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. मशीनवरचे बाकीचे प्रोग्रॅम ज्या वाटेने नाव शोधतात ती वाट बघायची असेल तर ‘गेटेंट होस्ट्स’ आणि पुढे साइटचं नाव. दोघांची उत्तरं वेगळी आली, तर होस्ट्स फाइलमध्ये कधीतरी कुणीतरी घातलेली एखादी ओळ तुमची वाट बघत असते. ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये १२७.०.०.५३ असा पत्ता दिसला तर घाबरू नये. नव्या आवृत्त्यांत नावं शोधून देणारा एक प्रोग्रॅम मशीनवरच चालतो, त्याचा तो पत्ता आहे.

त्या संध्याकाळी या सगळ्या पायऱ्या हिरव्या होत्या. पत्ता आहे, रस्ता आहे, नाव सापडतंय. याचाच अर्थ नेट गेलेलं नाही. राउटर पुन्हा बंद-चालू करण्यात अर्थ नाही. निम्मं निदान इथे झालं, आणि त्यासाठी एकही सेटिंग बदलावं लागलं नाही.

मग घड्याळ. ‘डेट’ ही कमांड. मुदत संपल्याची तक्रार आली की सर्वात आधी स्वतःचं घड्याळ बघावं. मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपलेल्या जुन्या मशीनची तारीख कुठल्या कुठे गेलेली असते, आणि मग जगातलं प्रत्येक सर्टिफिकेट एकतर संपलेलं वाटतं नाहीतर अजून सुरूच न झालेलं. आज मात्र घड्याळही बरोबर आहे.

८.३०

इथे नवखा माणूस खरा चक्रावतो. तीच साइट, तेच मशीन, आणि फायरफॉक्समध्ये ती बिनतक्रार उघडते! कुलपावर क्लिक केलं तर साइटच्या सर्टिफिकेटची मुदत अजून बाकी आहे. खोटं कोण बोलतंय, ब्राउझर की कर्ल?

कुणीच खोटं बोलत नाही. फायरफॉक्सने स्वतःची यादी उघडली, तिच्यात आयएसआरजी रूट एक्स१ सापडलं, चौकशी थांबली. साखळीत त्याच्या मागे आणखी कोण उभं आहे याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. कर्लच्या पोटातल्या ओपनएसएसएलने मात्र सर्व्हरने दिलेली साखळी मुकाट शेवटपर्यंत चालत नेली, टोकाला डीएसटी रूट सीए एक्स३ सापडलं, ते यादीतही होतं, पण मुदत संपलेली. आणि तिथेच ते थांबलं. रूट सापडलंच नसतं तर त्याने मागे वळून दुसरी वाट शोधली असती; सापडलं, म्हणून शोधलीच नाही. तक्रारीत ‘मुदत संपली’ एवढंच आलं. कुणाची संपली हे आलं नाही.

म्हणून दोन प्रोग्रॅम दोन उत्तरं देतात तेव्हा ती अडचण नसून मोठी मदत असते. दोघांत वेगळं काय आहे, एवढंच शोधायचं उरतं. यादी वेगळी? प्रॉक्सीचं सेटिंग वेगळं? फायरफॉक्स नावं शोधायला स्वतःचा नेमसर्व्हरही वापरू शकतो, तो वेगळा? नवख्याला ब्राउझर म्हणजे इंटरनेटची खिडकी वाटते. युनिक्स घराण्यात ब्राउझर हा इतर कमांडसारखाच एक प्रोग्रॅम आहे, आपल्या सवयी आणि आपल्या याद्या असलेला. हे एकदा मनात बसलं, की निम्मी भीती जाते.

९.१५

साक्षीदाराला प्रत्यक्ष बोलतं करायची कमांड आहे ‘ओपनएसएसएल एस-क्लायंट’. साइटचं नाव आणि ४४३ हा पोर्ट दिला, की ती जोडणी करते आणि साखळीतलं एकेक नाव खोलीसह छापते. खोली ० म्हणजे साइट स्वतः, १ म्हणजे आर३, २ म्हणजे आयएसआरजी रूट एक्स१. खोली ३ वर त्या रात्री दिसत होतं डिजिटल सिग्नेचर ट्रस्ट (डीएसटी म्हणजे हेच), डीएसटी रूट सीए एक्स३, आणि पुढे चूक क्रमांक १०: मुदत संपली.

एवढी एक ओळ. तिच्यात कोण, कुठे आणि का, तिन्ही उत्तरं होती. चुकीचा संदेश शेवटपर्यंत वाचायची सवय लावून घ्या, असं मी प्रत्येक नव्या माणसाला कळकळीने सांगतो, ते अशा ओळींसाठी.

९.४०

आता उपाय. उबंटूवर ‘सीए-सर्टिफिकेट्स डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये डीएसटी रूट सीए एक्स३ ची ओळ शोधायची, तिच्या आधी उद्गारचिन्ह घालायचं आणि ‘अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स’ ही कमांड प्रशासकाच्या अधिकाराने चालवायची. रूट यादीतून गेलं. पुढच्याच वेळी ओपनएसएसएल साखळीच्या टोकाला जातं, तिथलं रूट यादीत मिळत नाही, मग मागे वळून आयएसआरजी रूट एक्स१ शोधतं आणि साइट उघडते. यादीतला एक विश्वासू कमी केल्यावर विश्वास बसला, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण वर सांगितलेली चाल लक्षात असेल तर नाही वाटणार. सेंटओएस ७ वर त्याच पॅकेजचं अपडेट पुरेसं होतं. ते अपडेट येऊ शकत होतं, कारण तिथली आणि उबंटूचीही मूळ भांडारं सहीबंद पॅकेजं साध्या एचटीटीपीवरून देत होती. अडकली ती एचटीटीपीएसवरची इतरांची भांडारं.

शेजारच्या टेबलावर जुना आयमॅक आहे, एल कॅपिटनवर थांबलेला. त्यावर सफारी आणि क्रोम दोन्ही अडले, फायरफॉक्स चालला. लक्षण हुबेहूब उबंटूसारखं. आजार मात्र उलटा. या मॅकच्या कीचेनमध्ये आयएसआरजी रूट एक्स१ कधी आलंच नव्हतं. ते आलं मॅकओएस १०.१२.१ पासून. इथे जुनं रूट काढून काही होणार नाही, नवं घालावं लागेल. फायरफॉक्समधून ते उतरवून घ्यायचं, दुसऱ्या, धड चालणाऱ्या मशीनवरून त्याचा फिंगरप्रिंट जुळवून बघायचा, मगच कीचेनमध्ये घालून विश्वासू म्हणून खूण करायची.

एकाच संध्याकाळी, एकाच कारणाने, शेजारशेजारच्या दोन मशीनवर तसाच संदेश. एकावर काढायचं, दुसऱ्यावर घालायचं. कुठून तरी उचललेली कमांड कारण न समजता चालवणाऱ्याचं त्या रात्री काय झालं असेल, याचा अंदाज यावरून येतो.

ओपनबीएसडीवाल्यांनी त्याच तारखेला आपल्या ६.८ आणि ६.९ आवृत्त्यांसाठी दुरुस्ती काढली. त्यांची लिबरएसएसएल ही लायब्ररी २०१४ साली ओपनएसएसएलमधूनच फुटून निघाली होती आणि ही खोड तिच्यातही होती. ‘सिसपॅच’ चालवला की काम झालं.

११.००

सर्टिफिकेटं आणि सुरक्षेवर लिहिणारे स्कॉट हेल्म आधीपासूनच सावध करत होते. आता त्यांच्या यादीत नावं वाढत होती: शॉपिफाय, झीरो, क्विकबुक्स, हेरोकू, नेटलिफाय, फोर्टिनेट, ओव्हीएच. हिशेब ठेवणाऱ्या, दुकानं चालवणाऱ्या, इतरांच्या सुरक्षेची जबाबदारी घेतलेल्या सेवा. एवढ्या मोठ्या मंडळींचीही एखादी जुनी लायब्ररी कुठल्यातरी कोपऱ्यात चालू राहिलेली होती.

मला जास्त काळजी वाटते ती या यादीत न आलेल्यांची. दिवसभराच्या कामाने थकलेला, रात्री अकरा वाजता एका अडलेल्या स्क्रिप्टपुढे बसलेला एकटा माणूस. त्याच्यापुढे दोन झटपट वाटा होत्या. एक, मशीनचं घड्याळ मागे न्यायचं. त्याने आजची तक्रार जाते, पण नव्याने निघालेली सर्टिफिकेटं अजून सुरूच न झालेली ठरतात, लॉगमधल्या वेळा बिघडतात, आणि वेळ आपोआप जुळवणारी सेवा थोड्या वेळात घड्याळ पुन्हा पुढे नेते. दुसरी वाट अधिक सोपी आणि अधिक वाईट: कर्लला ‘-के’ जोडायचं, म्हणजे सर्टिफिकेट तपासूच नकोस असं सांगायचं. साइट लगेच उघडते. बोलणं अजूनही कुलपातच होतं, पण समोर कोण बसलंय हे विचारणं बंद होतं. घाईत केलेली अशी दुरुस्ती सकाळी आठवत नाही, कारण सकाळी सगळं चालू असतं.

त्यानंतर

१ ऑक्टोबरपर्यंत मोठ्या सेवा बहुतांशी सावरल्या. लेट्स एन्क्रिप्टने ८ फेब्रुवारी २०२४ पासून ती लांब साखळी आपणहून देणं थांबवलं आणि ३० सप्टेंबर २०२४ ला फोनसाठी घेतलेली हमीही संपली. आयएसआरजी रूट एक्स१ ची स्वतःची मुदत ४ जून २०३५ पर्यंत आहे.

त्या रात्री घाईत बंद केलेल्या तपासण्या मात्र मुदत संपून आपोआप सुरू होत नाहीत. तुमच्या ताब्यात २०२१ च्या आधीचं एखादं मशीन आलं असेल, तर एक संध्याकाळ काढा आणि ‘ग्रेप’ने शोधा: होम फोल्डरमधल्या ‘डॉट कर्लआरसी’ या लपलेल्या फाइलमध्ये ‘इनसिक्युअर’ अशी ओळ आहे का, गिटच्या सेटिंगमध्ये ‘एसएसएलव्हेरिफाय’ पुढे ‘फॉल्स’ लिहिलं आहे का, स्क्रिप्टमध्ये आणि क्रॉनटॅबमध्ये कर्लच्या पुढे ‘-के’ किंवा डब्ल्यूगेटच्या पुढे ‘नो-चेक-सर्टिफिकेट’ आहे का. सापडलं तर ते काढा, तीच कमांड पुन्हा चालवा आणि कुरकुर आली तर एस-क्लायंटने खोली ० पासून साखळी वाचायला घ्या.